जाड-बारीक रेघांचे नक्षीदार सेरिफ फॉन्ट : देवनागरीत कुठे शोभतात, कुठे फसतात

काना_मात्रा

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी अक्षरं ठरवायची आहेत. मुखपृष्ठावर अंकाचं नाव सोनेरी फॉइलमध्ये. आत वीस-बावीस लेखांची शीर्षकं चार रंगी ऑफसेटवर, त्यातली सहा-सात गडद फोटोवर पांढऱ्या अक्षरांत. शिवाय हीच ओळख मोबाइलवरच्या पोस्टमध्ये आणि दादरच्या प्रकाशन समारंभाच्या फ्लेक्सवर न्यायची आहे. डोळ्यासमोर बोडोनी घराण्यातलं काहीतरी आहे : जाड दांडे, केसासारख्या बारीक रेघा, गोळ्यासारखी टोकं. मराठी मजकुरात हे दिसायला कसं होतं, किती आकाराच्या खाली वापरू नये आणि छापताना काय बिघडतं? नुसती फॉन्टची नावं नकोत, कारणंही सांगा.

बोरू

आधी या जातीचा स्वभाव, मग बाकी सगळं.

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या दांड्याला टोकाशी येणारी आडवी रेघ. पार्म्याच्या जाम्बात्तिस्ता बोडोनीने आणि पॅरिसच्या दिदो घराण्याने अठराव्या शतकाच्या शेवटी ती रेघ अगदी बारीक केली, दांड्याला मिळताना येणारी कमान जवळपास काढून टाकली आणि उभा दांडा मात्र भरदार ठेवला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या फाउंड्र्यांनी तो दांडा आणखी फुगवला, त्याला फॅट फेस म्हणतात. हे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पुस्तकाच्या मजकुरासाठी नव्हतेच, भिंतीवर लावायच्या जाहिरातींसाठी होते. तेव्हा या अक्षरांचा दागिना एकच, जाड आणि बारीक यांतला फरक. तो दिसला तर अक्षर श्रीमंत वाटतं. बारीक रेघ छपाईत हरवली तर उरतात नुसते सुटे काळे ठोकळे.

देवनागरीत अडचण वेगळी आहे. आपला बोरू रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरका कापतात. रोमनमध्ये वरून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते, आपल्याकडे वरून डावीकडे उतरणारी. आणि बोरूने काढलेली शिरोरेषा आणि काना, दोन्ही भरदार येतात. बोडोनीचा नियम मात्र 'उभं ते जाड, आडवं ते बारीक' असा. तो जसाच्या तसा लावला की पहिला बळी शिरोरेषेचा. मग शब्द दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो, कारण मराठी वाचक शब्द शिरोरेषेच्या आधाराने पकडतो. म्हणून फॉन्ट बघताना सगळ्यात आधी शिरोरेषा बघा. माझा निकष : ती कान्याच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा बारीक असेल तर तो फॉन्ट फक्त एक-दोन शब्दांच्या नावासाठी ठेवावा, आठ शब्दांच्या शीर्षकाला लावू नये.

दुसरं, गोळा. रोमनमध्ये लहान ए, सी, आर यांच्या टोकाला गोळा येतो. आपल्याकडे त्या जागी न, म, भ, ग यांची गाठ असते. चांगल्या कारागिराने गाठ भरीव करून तिलाच गोळ्याचं रूप दिलेलं असतं, आणि ते सुंदर दिसतं. कच्च्या कामात गाठीच्या आत सुईच्या टोकाएवढी पोकळी राहते, ती छपाईत शाईने भरते आणि 'भ' व 'म' लांबून सारखेच वाटतात.

खिळेजुळारी

बोरू यांच्याशी सहमत. आता छपाईचे आकडे देतो, कारण खरी फसगत तिथे होते.

आधी फॉन्टची सर्वात बारीक रेघ मोजा. रीत सोपी आहे. कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये 'अ', 'इ', 'क्ष' ही अक्षरं १००० पॉइंट आकारात टाइप करा, कर्व्ह करा (म्हणजे अक्षराची नुसती आकृती करा) आणि सर्वात बारीक जागेवर त्याच रुंदीचा चौकोन काढून त्याची रुंदी पॉइंटमध्ये वाचा. ती २० पॉइंट आली तर रेघ अक्षराच्या आकाराच्या हजारात वीस भाग आहे. पुढे नुसता गुणाकार :

१२ पॉइंटला रेघ ०.२४ पॉइंट
२४ पॉइंटला ०.४८
३६ पॉइंटला ०.७२, म्हणजे पाव मिलिमीटर
७२ पॉइंटला १.४४, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर

आर्ट पेपरवर एका रंगात पॉझिटिव्ह, म्हणजे कागदावर शाईने छापलेली, रेघ ०.२५ पॉइंटपर्यंत टिकते, पण मी ०.४च्या खाली जात नाही. अनकोटेड कागदावर शाई पसरते. तिथे पॉझिटिव्ह रेघ जाड होते, म्हणजे अक्षर वाचतं पण नाजूकपणा जातो. रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद शाईत पांढरं अक्षर सोडताना, नेमकं उलट : चहूबाजूंनी शाई आत येते आणि पांढरी रेघ बुजते. एका रंगाच्या पार्श्वभूमीवर निदान अर्धा पॉइंट हवी. फोटोवर, म्हणजे चारही प्लेटांतून अक्षर कोरलं जातं तिथे, निदान एक पॉइंट. एखादी प्लेट ०.१ मिमी सरकली तरी ०.३ मिमीच्या रेघेचा तिसरा हिस्सा रंगीत होतो. वरच्या हिशेबाने गडद फोटोवरची तुमची शीर्षकं ५० पॉइंटच्या खाली नकोत. जागा तेवढी नसेल तर त्या सहा-सात लेखांसाठी कमी फरकाचा फॉन्ट घ्या, किंवा अक्षरामागे फोटोत एकाच रंगाचा सपाट पट्टा द्या.

आणखी एक, काळ्या शीर्षकाचं. नुसता काळा १०० टक्के ठेवा आणि ओव्हरप्रिंट लावा, म्हणजे काळा खालच्या रंगावरच छापला जातो. चार रंग मिसळलेला काळा जाड दांड्यात खोल दिसतो खरा, पण बारीक रेघेच्या कडेला निळी-लाल किनार उमटते.

काना_मात्रा

हे फारच उपयोगी. म्हणजे एकच फॉन्ट सगळ्या आकारांना लावणं ही मुळातच चूक का?

खिळेजुळारी

हो. खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा पंच, म्हणजे अक्षर कोरलेला पोलादी ठसा, वेगळा कापला जायचा. लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम थोडी जाड, पोकळी मोठी, अक्षरं जरा सैल. बोडोनीचा 'मॅन्युआले तिपोग्राफिको' १८१८मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला. त्यात एकाच घाटाचे आकारागणिक बदलत गेलेले नमुने बघायला मिळतात. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांसाठी नाव कमावलं, तेही याच शिस्तीचं काम.

डिजिटलमध्ये एकच रेखाटन सगळीकडे ताणलं जाऊ लागलं आणि ती शिस्त गेली. आता व्हेरिएबल फॉन्टमध्ये, म्हणजे एकाच फाइलमध्ये अक्षराचं रूप बदलता येतं अशा फॉन्टमध्ये, ती परत आली आहे. बोडोनी मोडामध्ये आकारानुसार रेघ बदलणारा अक्ष ६ ते ९६ पॉइंटपर्यंत आहे, नव्या प्लेफेअरमध्ये ५ ते १२००. पण या दोन्ही रोमनसाठी आहेत, त्यांच्यात देवनागरी नाही.

बोरू

देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला, खास या जातीचा मोफत फॉन्ट म्हणजे रोझा वन. इंडियन टाइप फाउंड्रीचा. फॅट फेसच आहे, एकच वजन, खूप मोठा फरक. दोन्ही लिपींचा काळेपणा जुळवलेला असल्याने मराठी नावाखाली इंग्रजी उपशीर्षक आलं तर एक लिपी दुसरीवर दादागिरी करत नाही. अंकाच्या नावाला चालेल, आतल्या लांब शीर्षकांना जड होईल.

तुम्ही मुंबईत आहात म्हणून यात्रा वनही बघा. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवला आहे. तो बोडोनी घराण्यातला नाही, चपट्या ब्रशचा आहे, पण नक्षीदार टोकं हवी असतील आणि मुळं देवनागरीत हवी असतील तर त्यात रोमन अक्षर देवनागरीच्या मागून चालतं. बहुतेक जोडफॉन्टमध्ये उलट असतं.

देठाचा_श

या धाग्यावर मराठी वळणाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. नक्षीदार फॉन्टमध्ये अक्षरं मोठी दिसतात, त्यामुळे हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' तिथे डोळ्यांत खुपतो. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी रूप येत नाही. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधून भाषा 'मराठी' निवडा आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर लावा. वेबपानावर भाषेचा कोड मराठीचा द्या. एवढं करूनही रूप बदललं नाही तर फॉन्टमध्ये ते नाही असं समजा आणि 'दिवाळी'तला ळ बरा दिसतो म्हणून फसू नका, 'लेख' आणि 'विशेष' हे शब्द टाकून बघा.

आकड्यांचंही तसंच. ५, ८ आणि ९ यांची मुंबई वळणं वेगळी, हिंदी पट्ट्यातली वेगळी. मुखपृष्ठावर वर्ष छापणार असाल तर आधी तपासा.

फॉन्ट विकत घेण्याआधी ही ओळ टाइप करून बघावी :

ऱ्हस्व दऱ्या-वाऱ्या, ॲड. ऑक्टोबर कॅलेंडर, हृदय शृंगार कर्तृत्व, द्ध द्म द्व ङ्म, ट्रॅक ड्रम, क्लृप्ती, र्‍हाइन, स्त्री-पुरुष, रूप, ₹ ५८९

'ऱ्य'मधली आडवी रफाराची खूण आणि स्वतंत्र 'ॲ' यांच्यावर सजावटी फॉन्ट सर्वात जास्त अडखळतात. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नसणारच. ₹ हे चिन्ह २०१०चं, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात संशोधन केलेल्या डी. उदयकुमार यांनी घडवलेलं. फॉन्टमध्ये ते नसेल तर संगणक दुसऱ्याच फॉन्टमधून उचलतो, आणि अंकाची किंमत भलत्याच जाडीची दिसते.

गिरगाव_फॉइल

मुखपृष्ठाच्या फॉइलबद्दल. हेच नियम लग्नपत्रिकांना लागू आहेत. खाडिलकर रोडवर पत्रिका करून घेणारे बहुतेक जण नेमकी हीच अक्षरं मागतात.

गरम फॉइलला धातूचा ब्लॉक लागतो. गुळगुळीत कोटेड कागदावर ०.२५ मिमीपेक्षा बारीक रेघ नको. खिळेजुळारींच्या तक्त्यात बघितलंत तर हे बरोबर ३६ पॉइंटला येतं, म्हणजे त्याखाली हा फॉन्ट फॉइलमध्ये वापरूच नका. हातकागद, टेक्स्चर कागद किंवा मखमली लॅमिनेशन असेल तर ०.४ मिमी धरा, कारण कागदाच्या खड्ड्यांत फॉइल चिकटत नाही आणि बारीक रेघ तुटक येते.

रेघेइतकीच मोकळी जागा महत्त्वाची. दोन रेघांमधलं अंतर ०.३ मिमीपेक्षा कमी झालं की फॉइल मधली फट झाकून टाकतं, आम्ही त्याला 'भरलं' म्हणतो. देवनागरीत हे नेमकं कुठे होतं? 'ई'चा रफार, 'कैवल्य'मधल्या दोन मात्रा, 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ, अनुस्वार आणि मात्रेमधली जागा. ब्लॉक बनवायला देण्याआधी एवढ्या चार जागा खऱ्या आकारात मोजा. कमी भरत असेल तर मात्रा हाताने थोडी वर उचला. अक्षर कर्व्ह केल्यावर दोन नोड हलवायचं काम आहे.

जाड दांडा आणि बारीक रेघ एकाच ब्लॉकवर असली की आणखी एक ओढाताण. जाड भागाला दाब आणि उष्णता जास्त लागते, तेवढी दिली की बारीक रेघेच्या कडा फुगतात. कमी दिली की जाड भागात टाचणीएवढी भोकं राहतात. छापणाऱ्याला सांगून आधी पाच-सहा प्रती वेगवेगळ्या दाबावर काढून घ्या आणि बारीक रेघ प्रमाण मानून दाब पक्का करा. जाड भागातली भोकं दुसऱ्या दर्जाचं फॉइल घेतलं की जातात, फुगलेली रेघ मात्र परत बारीक होत नाही.

स्क्रीन प्रिंटिंगने सोनेरी शाई लावणार असाल तर रेघ ०.३ मिमीच्या वर ठेवा. धातूच्या भुकटीची शाई दाट असते, जाळी बारीक घेतली तर भोकं बुजतात, जाडी घेतली तर रेघेच्या कडेला पायऱ्या दिसतात.

काना_मात्रा

गिरगाव_फॉइल, मोजायच्या चार जागांसाठी मनापासून आभार. एक शंका. अंकाचं नाव थोडं पसरट दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते आहे. काय करावं?

खिळेजुळारी

देवनागरीत ट्रॅकिंग वाढवू नये. रोमन कॅपिटल्सना या जातीत अंतर दिलं की ती खुलतात, तीच सवय मराठीला लावली की शिरोरेषेत फटी पडतात. ऋण ट्रॅकिंगमध्ये शिरोरेषा एकमेकींवर चढतात, ते एरवी दिसत नाही. पण अक्षराला बाहेरून रेघ दिली किंवा पारदर्शकता लावली की प्रत्येक सांध्यावर गडद चौकोन उमटतो.

अंतर हवंच असेल तर अक्षरं कर्व्ह करा, हाताने सरकवा, फटीत शिरोरेषेच्या जाडीचा आयत बसवा आणि शेवटी सगळं वेल्ड करून एकच आकृती करा. अंतर शिरोरेषेवरून मोजू नका, कान्यांमधल्या पोकळीवरून डोळ्यांनी जुळवा. 'र' आणि 'ट'नंतर जागा आपोआप मोठी दिसते, 'ख' आणि 'श'च्या आत ती आधीच भरलेली असते.

नेमप्लेट

वेल्डचा मुद्दा बोर्डवाल्यांसाठी तर जीवनमरणाचा आहे. व्हिनाइल कापणारं प्लॉटर किंवा अॅक्रिलिक कापणारं लेझर प्रत्येक बंद आकृती वेगळी कापतं. वेल्ड न केलेली 'दिवाळी' दिली तर सुटी अक्षरं हातात येतात, तीही शिरोरेषेच्या सांध्यावर कापलेली.

अॅक्रिलिकमध्ये साधा नियम : रेघेची रुंदी पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नको. ३ मिमीच्या पत्र्यातून २ मिमीची उकाराची शेपटी कापली तर ती लावतानाच तुटते. अनुस्वार आणि चंद्रबिंदू सुटे पडतात, त्यांना मागून पारदर्शक पट्टी द्यावी लागते, नाहीतर पहिल्या पावसात अनुस्वार गायब आणि 'मंदिर'चं 'मदिर'.

फ्लेक्सचा हिशेब. सर्वसाधारण प्रमाण असं की १० फुटांवरून वाचायला १ इंच उंचीचं अक्षर. ३० फुटांवरच्या प्रेक्षकाला ३ इंच. पण हे साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षराला. तुमच्या फॉन्टमध्ये शिरोरेषेपासून खालपर्यंत ३ इंच अक्षर घेतलं तर बारीक रेघ जेमतेम अडीच मिमी येते, आणि ३० फुटांवर नजरेची मर्यादाच साधारण पावणेतीन मिमीची. म्हणजे रेघ धूसर होणार. ५ इंच घ्या, किंवा बोर्डसाठी बारीक रेघांना बाहेरून १ मिमी जाडी चढवून नाव वेगळं बनवून घ्या. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण नावाचा घाट तोच राहतो.

हाच फॉन्ट कुणी दुकानाच्या पाटीवर वापरणार असेल तर एक गोष्ट. महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असून चालत नाही. दोन्ही लिपींना तोच पॉइंट आकार दिला म्हणजे उंची सारखी झाली असं नसतं. रोमन कॅपिटलची उंची आणि देवनागरीत शिरोरेषेपासून कान्याच्या तळापर्यंतची उंची, दोन्ही मिमीमध्ये मोजा. बहुतेक फॉन्टमध्ये मराठी आकार वाढवावा लागतो.

पिक्सेलताई

मोबाइलवरच्या पोस्टसाठी चित्र बनवणार असाल तर १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात हे शीर्षक निदान ९० पिक्सेल आकाराचं घ्या. पोस्ट टाकल्यावर चित्र दाबून लहान होतं आणि बारीक रेघेभोवती सर्वात आधी मळ दिसतो. लाल पार्श्वभूमीवर तो जास्तच दिसतो.

वेबपानावर तीन चुका नेहमीच्या. एक, रोझासारख्या एकाच वजनाच्या फॉन्टला शीर्षक म्हणून आपोआप ठळकपणा लागतो. ब्राउझर खोटा ठळकपणा बनवतो आणि गाठी, पोकळ्या बुजतात. शीर्षकाचं वजन ४०० ठेवा आणि कृत्रिम ठळकपणा बंद करा. दोन, इंग्रजी शीर्षकांची सवय म्हणून ओळींचं अंतर १ ठेवलं जातं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. मराठीला १.३५च्या खाली नको. तीन, फाइल हलकी करण्यासाठी फॉन्टमधून 'न लागणारी' अक्षरं काढतात आणि त्यात जोडाक्षरं उडतात. युनिकोडच्या यादीत 'क्ष'ला स्वतःचा आकडा नसतो, तो फॉन्टच्या आतल्या नियमांतून बनतो. ते नियम ठेवूनच छाटणी करा.

इंग्रजीसाठी प्लेफेअर डिस्प्ले जोडणार असाल तर त्याचे आकडे मुळात जुन्या पद्धतीचे, वर-खाली होणारे आहेत. किंमत आणि तारखांसाठी सरळ रांगेतले आकडे चालू करा.

काना_मात्रा

नाव रोझात, ९६ पॉइंटला, फॉइलसाठी मात्रा उचलून. आतल्या शीर्षकांना कमी फरकाचा दुसरा फॉन्ट, फोटोवरच्या शीर्षकांना मागे सपाट पट्टा. मग आतल्या शीर्षकांत या जातीची काहीच ओळख ठेवू नये का?

बोरू

ठेवा, पण एका जागी. लेखाचं पहिलं अक्षर मोठं, तीन ओळींच्या उंचीचं, नावाच्याच फॉन्टमध्ये. देवनागरीत ते बसवताना शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळवा, रोमनसारखा माथा जुळवू नका. लेख 'कि' किंवा 'स्त्री'ने सुरू होत असेल तर अख्खं अक्षर मात्रा-वेलांटीसकट मोठं करा, नुसता 'क' किंवा 'स्' कधीच नाही. आणि त्या पहिल्या शब्दाची उरलेली अक्षरं मोठ्या अक्षराला चिकटून यायला हवीत, मध्ये अर्ध्या मिलिमीटरचीही फट नको, नाहीतर वाचणारा 'क' वेगळा वाचतो आणि 'विता' वेगळं.

गिरगाव_फॉइल

९६ पॉइंटला २० भागांची रेघ ०.६८ मिमी येते, टेक्स्चर कागदावरही चालेल. रोझाची रेघ किती भरते ते मात्र स्वतः मोजून घ्या. ब्लॉकवाल्याला फाइल देताना कर्व्ह केलेली, वेल्ड केलेली, शंभर टक्के काळ्यात, उलटी न केलेली द्या. उलटी तो स्वतः करतो, दोघांनी केली की ब्लॉक सरळ वाचता येतो आणि छाप आरशासारखी पडते.